शिव्या खाऊन उडणारं विमान

केटी माझी. एअर फोर्सची नव्हे, राजाची नव्हे, आणि ती उडवणाऱ्या पोरांची तर मुळीच नव्हे. दिवसभर इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या बोचऱ्या वाऱ्यात मी आणि माझे मेकॅनिक तिची इंजिनं उघडून बसायचो, पत्रे ठोकायचो, आणि संध्याकाळी जर्मनीवर बॉम्ब टाकायला पोरांना उसनी द्यायचो. नेली तशी सकाळी परत आणायची, एवढाच करार. पण पोरं कसली! आणायची ती चाळण करून.

केटी म्हणजे लँकेस्टर बॉम्बर, नाकाजवळ ‘के’ रंगवलेलं. तिच्यावर पहिली टोळी ब्रॉफी नावाच्या ऑस्ट्रेलियनाची. सातही जणांनी ठरलेल्या तीस मोहिमा पुऱ्या केल्या, गावातल्या पबमधली बिअर संपवली आणि धडधाकट निघून गेले. दुसऱ्या टोळीलाही तिने घरी आणलं, पण नकाशे बघणारा पोरगा टेबलावर डोकं टेकून मेलेला होता. तिथली जमीन मी स्वतः धुतली. उरलेले सहा इतर विमानांवर वाटले गेले. मग आला क्लिफर्ड हॅस्लम. नवख्या टोळीच्या गळ्यात जुनं विमान मारायचं, ही आमच्याकडची रीतच होती.

हॅस्लम नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा. पहिल्याच दिवशी उतरवताना त्याने केटी अशी आपटली की ती उड्या मारतच थांबली.

“बेडूक आहे का रे ते?” मी शिडीखालूनच ओरडलो.

“चीफ, वारा आडवा होता.”

“वारा सरळच होता, आडवा तू आहेस! उद्या टायर तुझ्या कातड्याचे लावतो.”

तो हसला. तेव्हापासून असाच शिरस्ता पडून गेला. तळावर एक गोष्ट कोणी करायची नाही, ती म्हणजे जाणाऱ्याला ‘सांभाळून जा’ म्हणणं; तो अपशकुन. मग करायचं काय? मी शिव्या द्यायचो. माझ्या जिभेला मुळातच हाड नाही, त्यामुळे जड गेलं नाही. शेपटीकडचा गनर पिल्बीम तर वाट्याला शिवी आली नाही तर मागून घ्यायचा. “चीफ, मी राहिलो की!”

नोव्हेंबरात एका संध्याकाळी हॅस्लम माझ्याजवळ आला. लीड्सहून फोन होता, ऑड्रीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुलगी झाली होती. मला मूलबाळ नाही. काय अवदसा आठवली कोण जाणे, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “सांभाळून ये रे बाळा.”

 पिल्बीमने तोंडातली सिगारेट काढली.

“चीफ, केटीला काय झालंय?” हॅस्लमने विचारलं.

“काय व्हायचंय? ठणठणीत आहे!”

“मग गोड का बोलताय?”

“गाढवांनो, चढा वर!” मी खेकसलो. पण ती शिवी पोकळ निघाली, मलाच कळलं.

हॅस्लम पांढराफटक पडला. “इंजिनं पुन्हा तपासा.”

“आत्ताच तूच तपासलीस ना?”

“तुम्हाला काहीतरी दिसलंय. तुम्ही सांगत नाही आहात. मी नाही नेणार, चीफ. आज नाही.”

 बाकीची विमानं हलायला लागली होती, आणि पलीकडून मोठ्या साहेबाची मोटार आमच्याकडेच येत होती. न जाणाऱ्याच्या नावावर भित्रेपणाचा शिक्का बसायचा. सगळ्यांसमोर दंडावरच्या पट्ट्या फाडायचे आणि संडास धुवायला पाठवायचे. ज्या दिवशी बाप झाला त्याच दिवशी पोराची अशी धिंड निघणार, आणि कशापायी? तर माझ्या एका गोड शब्दापायी!

मी सरळ शिडी चढलो आणि दारातच फतकल मारून बसलो.

“या आता. मीही येतो बर्लिनला. अरे, बसमध्ये बसलो तरी मला मळमळतं. विमानात खोट असती तर हा हेक्टर गार्बट मेला तरी इथे बसला असता का?”

पहिला हसला पिल्बीम. मग एकेक जण मला ओलांडून आत गेला. हॅस्लम शेवटी. माझ्याकडे न बघता गेला, पण गेला. मोटार जवळ येईपर्यंत चारही इंजिनं सुरू झाली होती.

मला दारात घेऊनच निघालेली केटी धावपट्टीच्या तोंडाशी थांबली. पिल्बीम माझ्या कानात ओरडला, “हॅस्लम उतरा म्हणतोय! सकाळी भोकं कोण बुजवणार?”

मी उडी मारली ती गुडघाभर चिखलात. “हरामखोरांनो, नवे बूट होते माझे!” ही शिवी मात्र बेंबीच्या देठापासून आली.

सकाळी केटी परत आली. डाव्या पंखाला हात जाईल एवढी भोकं. मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. हिवाळाभर मग गोड शब्दाचं नाव काढलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी केटी परत आली नाही. आदल्या संध्याकाळी शिव्यांत काडीची कसर नव्हती, तरी आली नाही. शिव्यांनी कोणी वाचत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? मी शेडमध्ये जाऊन ढसाढसा रडलो. नवं विमान आलं, नवी टोळी आली. त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलायचो.

एप्रिलमध्ये ऑड्री आली, पोरीला कडेवर घेऊन. केटी उभी असायची तिथे येऊन थांबली.

“गार्बट तुम्हीच ना? त्याला शेवटचं तुम्हीच पाहिलंत. काय बोललात?”

काहीतरी चांगलं रचून सांगावं असं वाटलं. पादऱ्याला जमलं असतं, मला जमेना.

“बाई, मी म्हणालो, आज पुन्हा केटी आपटलीस तर चाकाला बांधून फरफटवीन. आणि गाढव म्हणालो. दोनदा.”

 तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

“देवा, तुझे उपकार,” ती म्हणाली. “त्याने पत्रात लिहिलं होतं, तुम्ही गोड बोललात त्या संध्याकाळीच काय तो घाबरला होता. म्हणजे या वेळी तो भीत भीत गेला नाही.”

पोरगी माझ्या हातात देऊन ती तिथेच गवतावर बसली आणि रडायला लागली.