सतरंजीवरची जागा

दयानंद पास्टरांनी माईक व्यंकटच्या हातात दिला, बूट काढून भिंतीशी ठेवले आणि स्टेजवरून उतरून सतरंजीवर जाऊन बसले.

सतरंजी ही दुखणेकऱ्यांची जागा. लातूरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी उपास-प्रार्थना असे. ज्याला काही मागायचं असेल त्यानं स्टेजखालच्या निळ्या सतरंजीवर येऊन बसायचं, असा रिवाज होता. मग पास्टर उतरत, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत आणि कापऱ्या आवाजात देवाशी बोलत. मूळव्याधीपासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं त्या सतरंजीवर येऊन बसलं होतं. पास्टर तेवढे कधी बसले नव्हते.

मग मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

"बघा बंधूभगिनींनो," व्यंकट माईकवर म्हणाला. तो चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. गप्प बसलेला माईक त्याला बघवत नसे. "पास्टरसाहेब आज आपल्या पायाशी बसले. नम्रता म्हणतेत ती ही."

नम्रतेच्या बाबतीत पास्टरांचं नाव उदगीरपासून नांदेडपर्यंत होतं. 'नम्रतेच्या पायऱ्या' ही त्यांची प्रवचनमाला ठिकठिकाणी झाली होती. बॅनरवर ते हात जोडून, मान खाली घालून उभे असत. फोटो तेवढा माणसापेक्षा उंच असे. दुसऱ्यांच्या सभेत ते शेवटच्या रांगेत बसत, म्हणजे संयोजकांना गर्दीतून वाट काढत येऊन त्यांना पुढं न्यावं लागे. एकदा उदगीरला कुणी न्यायलाच आलं नाही. ती सभा त्यांच्या अजून लक्षात होती.

"तसं नाही, व्यंकट," पास्टर म्हणाले. "मला प्रार्थना पाहिजे."

"ऐकलं का?" व्यंकटचा आवाज भरून आला. "ज्यांच्या हातानं आपली दुखणी गेली, ते म्हणतेत मला प्रार्थना पाहिजे."

पास्टरांनी खिशातला मोबाईल चाचपला. अजून गप्प होता. नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्या बायकोला, उज्वलाला, एव्हाना ऑपरेशनला आत नेलं असणार. फोन मेव्हण्याचा येणार होता, आणि तो काय सांगणार याच्या पुढं पास्टरांचं डोकं जात नव्हतं.

उज्वला दवाखान्यात आहे हे मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पास्टरीणबाई आजारी आईला बघायला नांदेडला माहेरी गेल्यात, असं पास्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळं सगळी मंडळी कितीतरी दिवस पास्टरांच्या सासूसाठी देवाला साकडं घालत होती. सासू ठणठणीत होती. लेकीसाठी दवाखान्यात डबा तीच पोचवत होती.

पोटातली गाठ आधी पास्टरांच्याच हाताला लागली होती. त्यांनी तेल लावून, हात ठेवून महिनोन् महिने प्रार्थना केली. गावाची दुखणी ज्याच्याकडं येतात, त्याच्या घरातलं दुखणं डॉक्टरकडं गेलेलं बरं दिसलं नसतं. शेवटी गेलंच. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात." हे ते फाईलकडं बघत म्हणाले, एवढीच काय ती कृपा.

आज पहाटे उज्वलानं त्यांना खाटेजवळ बोलावलं होतं.

"शुक्रवार हाय आज. तुम्ही लातूरला जा."

"आज? तुला असं टाकून?"

"इथं बाहेर बाकड्यावर बसून काय करणार तुम्ही? तिथं जा, सतरंजीवर बसा आन् माझं सांगा समद्यांना." तिनं छताकडं बघितलं. "तुमची एकट्याची प्रार्थना नको मला आता. लई झाली."

ती चिडून बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि पास्टर एसटीच्या खिडकीशी बसून एकच वाक्य घोकत होते. माझी बायको आजारी आहे, मी तुमच्याशी खोटं बोललो. प्रवचन त्यांनी कधी घोकलं नव्हतं. ते आपोआप येई.

"माझी बायको..." आता त्यांनी सुरुवात केली.

तेवढ्यात बँकेतला मृत्युंजय खुर्चीवरून उठला, चपला काढून आला आणि डोळे पुसत त्यांच्या शेजारी बसला. त्याच्या मागोमाग कीबोर्ड वाजवणारी मंजुश्री आली. मग रांगाच्या रांगा उठल्या. सतरंजी भरली तेव्हा लोक फरशीवर बसले. फरशी सतरंजीपेक्षा खालची, हे ध्यानात येताच सतरंजीवरचेही बरेचजण उठून फरशीवर सरकले. मृत्युंजय सगळ्यांत आधी सरकला. व्यंकटनं तर फरशीवर लोटांगण घातलं, माईकसकट.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. डोक्यावर हात ठेवायला उभं असं कुणीच उरलं नाही.

"खोटं बोललो मी तुमच्याशी," पास्टर मोठ्यानं म्हणाले.

"हालेलूया," मृत्युंजय म्हणाला. डोळे मिटूनच त्यानं हात वर केले. "आम्हीबी खोटे, प्रभू. आम्हीबी."

मग जो तो आपापला गर्व मोठमोठ्यानं कबूल करू लागला. पत्रे दणाणले. पास्टरांनी पुन्हा तोंड उघडलं, पण त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. बुडणाऱ्या माणसाला काठावरचे लोक पोहण्याबद्दल शाबासकी देत असावेत, तसं काहीतरी चाललं होतं. आपण ओरडावं, असं त्यांना वाटलं. पण ओरडलो तर लोक आणखी रडतील, हेही त्यांना कळत होतं. इतक्या वर्षांत त्यांनीच शिकवलं होतं.

दारातून पार्वतीबाई आल्या. त्या रेणापूरहून येत, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नसल्यानं दर शुक्रवारी उशिरा येत. त्यांच्या गुडघ्यासाठी पास्टरांनी जेवढी प्रार्थना केली होती तेवढी सगळ्या जिल्ह्यासाठी केली नसेल. गुडघा ढिम्म होता. म्हातारी तरीही येई आणि सतरंजीच्या डाव्या कोपऱ्यात बसे.

ती लंगडत माणसांमधून वाट काढत आली आणि पास्टरांपाशी थांबली.

"सरका की जरा. माझी जागा हाय ही."

पास्टर सरकले. म्हातारी एक पाय लांब करून टेकली. तिनं रिकाम्या खुर्च्या बघितल्या, लोटांगण घातलेला व्यंकट बघितला.

"समदेच खाली? आन् तुम्ही बी?"

"हाव."

"तुमचं काय दुखायलंय?"

घोकलेलं वाक्य पास्टरांना आठवेना. बायबल कॉलेजात टाकून आलेली बोली मात्र तोंडात आली.

"उज्वला दवाखान्यात हाय. नांदेडला. पोटात गाठ हाय, आत्ता ऑपरेशन चालू हाय. वाचती का न्हाई, म्हाईत न्हाई."

"सासू आजारी हाय म्हणलं व्हतं."

"खोटं बोललो."

"मी रोज मागायले की त्या म्हातारीसाठी," पार्वतीबाई म्हणाल्या. मग त्यांच्याकडं बघून, "लाज वाटली का सांगाया?"

"हाव."

तिच्या जागी आपण असतो तर आता बायबलमधलं एखादं वचन म्हटलं असतं, हे पास्टरांच्या मनात येऊन गेलं. ते वाट बघत राहिले. वचन आलं नाही. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला आणि हात उचलला.

"वाका. हात पुरंना."

पास्टर वाकले. बॅनरवर वाकायचे तेवढं पुरलं नाही. मग आणखी वाकले, कपाळ तिच्या लांब केलेल्या पायाला टेकेपर्यंत. टाळूवर हात आला. हलका होता, मिसरीचा वास येत होता.

व्यंकटनं मान वर केली आणि तसंच सरपटत येऊन माईक तिच्या तोंडाशी धरला.

"हे कशाला?" ती म्हणाली. "देवाला ऐकू येतंय."

त्याच वेळी पास्टरांच्या खिशातला मोबाईल थरथरू लागला. हात खिशाकडं गेला आणि वाटेतच थांबला.

"बापा," पार्वतीबाई म्हणाल्या, "ह्याची बायको उज्वला नांदेडला हाय. लई भली बाई. तिला बघ."

एवढंच. पास्टरांना वाटलं, संपलं. फोन थरथरतच होता. पण हात डोक्यावरून उठला नाही. काही राहिलंय का हे आठवत असावी तशी म्हातारी थांबली होती.

"आन् माझ्या गुडघ्याचं," ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी बघू."