सुतकातला केक

थोरला भाऊ भीमादादा गेल्याचं बिभीषणला कळलं, तेव्हा त्याच्या हातात शहाळं होतं आणि पायांना ओली वाळू चिकटलेली होती. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर सकाळपासून मोबाईलला रेंज नव्हती. तळाला काच बसवलेल्या नावेतून मासे बघून मंडळी हॉटेलवर परतली, तसा खिशातला फोन एकसारखा थरथरायला लागला. सगळे फोन पुतण्याचे, आदिनाथचे.

"तात्या, आण्णा गेले," आदिनाथ म्हणाला. "सकाळी गोठ्यात झाडलोट करताना खाली बसले, ते उठलेच न्हाईत. दवाखान्यात नेलं, पण काय उपयोग झाला न्हाई."

"बरं," बिभीषण म्हणाला.

बरं म्हटल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नेवाशाची आत्या निघालीय. ती आली की उचलणार. तुमी काय पोचू शकत न्हाई, म्हाईत हाय मला. जिवाची वढाताण करू नका, दहाव्याला या." एवढं बोलून आदिनाथचा आवाज फुटला आणि फोन बंद झाला.

बिभीषणने शहाळ्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग खोलीत जाऊन बायकोला सांगितलं. बनुबाई पलंगावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. ती दीर म्हणत असली तरी भीमाने तिला सासऱ्यासारखं सांभाळलं होतं. बिभीषण तिच्याशेजारी बसून राहिला. त्याला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. आलं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं छातीत काहीतरी परकं होऊन बसलं होतं.

वडील गेले तेव्हा बिभीषण तिसरीत होता. भीमाने शाळा सोडली आणि औत धरलं. पुढे बिभीषण संगमनेरला हायस्कूलला गेला, तेव्हा भीमा सायकलवरून त्याचा डबा घेऊन यायचा आणि वर्गाच्या खिडकीशी उभा राहून भर तासात हाक मारायचा, "बिभ्या, भाकर!" पोरं हसायची. मास्तरही हसायचे. भीमाला त्याचं काही वाटायचं नाही. बिभीषण शिकला, साखर कारखान्यात कारकून झाला, तालुक्याच्या गावी घर बांधून राहिला, आणि आता निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लेकीने, सृष्टीने, आईवडिलांना हौसेने अंदमानला पाठवलं होतं. निघताना भीमा म्हणाला होता, "समुद्राचं पानी खरंच खारट असतंय का, चाखून बघ."

"रविराजला सांगू," डोळे पुसत बनुबाई म्हणाली. "काहीतरी सोय करील तो."

रविराज म्हणजे सहलीचा माणूस, पुण्याचा उत्साही पोरगा. त्याला विचारायची गरजच नव्हती. शेवटची बोट मघाशीच गेली होती, आणि उद्याची धरून विमानं बदलत गेलं तरी चिता विझल्यावरच पोचणार.

"नको," बिभीषण म्हणाला. "सगळे हौसेनं आलेत. त्यांचा विरस कशाला करायचा? परवा आपन सगळ्यांबरोबरच परतू."

बनुबाईने उठून तोंड धुतलं आणि लुगड्याचा पदर नीट केला.

संध्याकाळी सगळ्यांना समुद्रकाठच्या हॉटेलात जेवायला न्यायचं ठरलेलं होतं. सहलीतला हाच मोठा कार्यक्रम, असं रविराज पहिल्या दिवसापासून सांगत होता. नारळीच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, वाळूतच टेबलं मांडलेली, आणि पुढे हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ समुद्र. सूर्य बुडत होता. पाण्यावर आधी केशरी, मग जांभळा रंग पसरला. सगळे उठून फोटो काढायला धावले. बिभीषण आणि बनुबाई खुर्च्यांत बसून होते.

"काका, या ना! असा सूर्यास्त परत दिसायचा नाही," रविराजने हाक मारली.

"दिसतोय हितनं," बिभीषण म्हणाला.

खरंच दिसत होता. बघायला छान होता. आपण बघतोय हे त्याला कळत होतं, आणि छान आहे हेही कळत होतं. त्यापलीकडे काही नाही.

बघता बघता अंधार पडला. तेवढ्यात फोन वाजला. आदिनाथने व्हिडिओ लावला होता. पडद्यावर लख्ख ऊन दिसलं. बिभीषण दचकला. इथे दिवे लागले होते आणि गावाकडे अजून दिवस होता. प्रवरेचा काठ, कडेला उभा ऊस, टोप्या घातलेली माणसं. मधोमध रचलेली लाकडं.

"तात्या, शेवटचं बघून घ्या," आदिनाथचा आवाज आला, आणि त्याच क्षणी चित्र थांबलं. कोणाचा तरी खांदा, अर्धी टोपी, मागे हिरवा ऊस. दादा त्यात कुठेच नव्हता. बिभीषण त्या थांबलेल्या खांद्याकडे बघत बसला. कोणाचा खांदा असेल, ते ओळखायचा त्याने प्रयत्न केला. मग पडदा काळा झाला.

बनुबाईने टेबलाखालून हात जोडले.

वेटरने ताटं आणून ठेवली. केळीच्या पानात भाजलेला आख्खा मासा, भात, नारळाचा रस्सा. वास दरवळला.

"अहो, आज मासे नको," बनुबाई हळूच म्हणाली. "तिकडं अजून आग पेटली पन नसंल. मी नुसता भात घेते. तुमी पन भातच घ्या."

"व्हय," बिभीषण म्हणाला.

पण त्याला भूक लागली होती. सकाळपासून शहाळ्याशिवाय पोटात काही नव्हतं आणि भूक उसळली होती. त्याने केळीचं पान उलगडलं. काट्यापासून मासा अलगद सोडवला, घास तोंडात घातला. मासा चवीला फार चांगला होता. त्याने दुसरा घास घेतला. बनुबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने भातही अर्धाच खाल्ला. बिभीषणच्या ताटात शेवटी फक्त काटा उरला. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला वाटलं. तीही वाटेना.

हात धुऊन तो परत बसतो तोच दिवे मालवले. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. आतून दोन वेटर केक घेऊन आले, त्यावर मेणबत्त्या, आणि त्यांच्यापुढे रविराज हसत हसत.

"मंडळी, एक गोड बातमी! आपल्या काका-काकूंच्या लग्नाचा आज वाढदिवस! पुण्याहून त्यांच्या मुलीने ही खास व्यवस्था करायला सांगितलीय!"

सृष्टीने हे आठवड्यापूर्वी ठरवलं होतं. आज चुलत्याच्या मातीला धावताना तिला त्याची आठवण कुठून राहणार? खुद्द बिभीषण-बनुबाईच्याही ध्यानात तारीख नव्हती.

सगळी मंडळी भोवती गोळा झाली. बनुबाईने नवऱ्याची बाही घट्ट धरली. "सांगा त्यांना," ती पुटपुटली. "आता तरी सांगा."

बिभीषणने सगळ्यांकडे पाहिलं. हसरे चेहरे, वर धरलेले फोन. सांगायचं म्हणजे एवढ्या जणांच्या तोंडावरचं हसू घालवायचं, मग त्यांचं सांत्वन ऐकायचं, मग त्यांच्यापुढे दुःखी दिसायचं. त्याच्यात तेवढं बळ नव्हतं. सुरी हातात घेणं सोपं होतं. त्याने केक कापला. एक तुकडा बायकोच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटून घेतले होते, पण सगळे ओरडायला लागले तसे उघडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं.

"काकू किती हळव्या आहेत!" कोणीतरी म्हणालं.

त्या गर्दीत संगमनेरचा सहादेव होता. त्याचं बाजारपेठेत पाइपांचं दुकान, बिभीषणच्या गावातले निम्मे शेतकरी त्याचं गिऱ्हाईक. भल्या मनाचा माणूस. त्याने कौतुकाने फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. नवरा बायकोला केक भरवतोय, मागे समुद्र, झाडांना दिवे.

मातीहून परतलेल्या माणसांनी आंघोळी करून फोन हातात घेतले, तेव्हा त्यांना तो दिसला.

तालुक्याच्या घरी परतल्यावर गावाकडे बिभीषणचा पाय उचलेना; शेवटी दहाव्याच्या आदल्या दिवशी ते गावी पोचले. ओट्यावर बसलेल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली, पण बोललं कोणी नाही. आदिनाथ पाया पडला, बाजूला झाला. एवढ्या दिवसांत त्याने पुन्हा फोन केलेला नव्हता. शेवटी भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "हिकडं सरन रचत हुतो आन् तिकडं तुमी केक कापत हुते. लई शिकलेले तुमी लोक. आमाला न्हाई बाबा जमायचं."

सृष्टी पुढे झाली, "आबा, चूक माझी होती, मीच सांगून ठेवलं होतं," असं रडत रडत सांगायला लागली. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि तंबाखू मळायला घेतली.

नदीवर दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक हात जोडत होते, बायका रडत होत्या, आदिनाथच्या डोक्याचा गोटा उन्हात चमकत होता. बिभीषण सगळ्यांत पुढे उभा होता. डोळे कोरडेच. लोक ते बघतायत, हे त्याला दिसत होतं.

संध्याकाळी तो घरामागे गोठ्यात गेला. मालनबाई, त्याची भावजय, गाईचं दूध काढायला बसली होती. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर. बाकी सगळं नेहमीसारखं. तो खुंटाशी उकिडवा बसला.

"वैनी, त्या फोटोचं..." त्याने सुरुवात केली.

"आदिनाथनं दाखिवला मला," ती म्हणाली. हात चालूच होते. "तुमचा सदरा चांगला हुता म्हनलं अंगात. निळा."

"मासा पन खाल्ला मी. आख्खा. बनी नको म्हनत हुती."

मालनबाईचे हात थांबले. तिने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"भावजी, ह्यांना वट्यावर ठिवलं हुतं ना," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आन् बाया रडत हुत्या, तवा मी आत गेले. शिंक्यात सकाळची भाकर हुती. उभ्या उभ्या खाल्ली. मिरचीसंगं. कुनी बघितलं न्हाई म्हनून बरं. इतकी भूक मला बाळातपनात लागली नव्हती."

"रडू येतं का तुमाला?" त्याने विचारलं.

"येतं की. सकाळचं येतं. दुपारी कामात न्हाई येत. कधी उगंच हसू येतं." ती पुन्हा दूध काढायला लागली. "तुमाला?"

"मला आलंच न्हाई अजून."

"मंग न्हाई आलं," मालनबाई म्हणाली. "त्यात काय करनार मानूस?"

तिने एवढंच म्हटलं. गाईने शेपूट झाडली. बादली भरत आली तशी तिने ती त्याच्याकडे सरकवली. आदिनाथ पाहुण्यांना पोचवायला फाट्यावर गेला होता, डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती. बिभीषणने दूध किटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं. भीमाची मोटरसायकल भिंतीला टेकून उभी होती. त्याने किटली मागे बांधली, एकदा ओढून पाहिली आणि किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

चिंचेच्या वळणावर उसाने भरलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून थांबला होता. दोन्ही ट्रॉल्या एका अंगाला कललेल्या, ड्रायव्हर खाली उतरून टायर बघत होता. बिभीषणने गाडी बंद केली आणि पाय टेकवून थांबला.

"दूध घेऊन चाललाय व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. "जाऊ द्या कडंनं, बसती गाडी."

"बसती का बघतो," बिभीषण म्हणाला. खाली उतरून, हँडल धरून, तो गाडी हळूहळू ढकलत उसाच्या कडेने पुढे न्यायला लागला.