खुरांचं चिलखत आणि कमानीवरचे मासे

मी एक चिलखत. लोखंडाचं नाही, घोड्यांच्या खुरांचं. डॅन्यूब नदीपलीकडच्या गवताळ माळावर, सरमाती लोकांत माझा जन्म झाला. आर्झाका नावाच्या बाईनं दोन हिवाळे खूर जमवले, चिरून चकत्या केल्या आणि कौलं बसवावीत तशा एकावर एक चामड्यावर शिवल्या. कमरेखाली दोन्ही बाजूंना मोकळं सोडलं, नवऱ्याला मांड ठोकता यावी म्हणून.

नवऱ्याचं नाव आर्दाग. तीन लढाया आम्ही निभावल्या. चौथीत रोमनांच्या हाती लागलो.

रोममध्ये एका सेनापतीला विजयकमान हवी होती. काम कालेनुस या शिल्पकाराकडे. नमुना म्हणून त्यानं आर्दागला विकत घेतलं, मला खुंटीला टांगलं आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या दगडातल्या सरमात्याला मानेपासून घोट्यापर्यंत माशासारखे अंगालगत खवले. घोड्यालाही तेच, अगदी खुरापर्यंत!

"मालक, या घोड्यानं लीद टाकायची कुठून?" आर्दागनं विचारलं.

"कमानीवरचे घोडे लीद टाकत नसतात. लोकांना पोटऱ्या दिसायला हव्यात. तुझ्या त्या गोणपाटात काय दिसतं?"

गोणपाट! मी ऐकून घेतलं.

मग कालेनुस हळूच म्हणाला, "उद्या सेनापती येतोय. विचारलं तर नुसतं 'हो' म्हण. तुला मोकळा करतो. जा बायकोकडे."

सेनापती आला. लढाईच्या दिवशी तो पोटदुखीनं तंबूत पडून होता, असं त्याचेच शिपाई सांगत.

"वा! अगदी असेच होते," तो म्हणाला. "काय रे, होतास ना असा?"

आर्दागनं दगडातल्या घोड्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणून टाक बाबा 'हो'.

"सरकार," तो म्हणाला, "हे घालून आलो असतो तर घोड्यावर चढतानाच मेलो असतो. तुम्हाला यायची गरजच पडली नसती."

मागच्या पाथरवटांना हसू आवरेना. संध्याकाळी आर्दागला दगडाच्या खाणीत धाडलं. तो परत आला नाही.

मला नाटकवाल्यांनी नेलं. पहिल्याच खेळाला प्रेक्षक ओरडले, "हा कसला सरमाती? कमानीवर बघा जरा!" दुसऱ्या दिवशी नटानं खवले रंगवलेलं घट्ट कापड चढवलं. टाळ्याच टाळ्या.

आता मी सामानाच्या खोलीत, एका कोपऱ्यात पडून आहे. माझ्यावर मांजर व्यायली आहे. तुम्ही कमान बघायला जाल, जरूर जा. फक्त शेजारच्याला सांगू नका, की सरमाती असेच होते.