संशोधनावर आधारित

असोद्याचे जितेंद्रभाऊ म्हणजे केळीचे मोठे बागायतदार. बागायतदार होते तोवर बरे होते. एकवीस सालच्या मार्चात ते वैद्य झाले.

त्याला निमित्त मी. जळगावच्या एका कॉलेजात मी केळीतल्या एका प्रथिनावर काम करते. लेक्टिन म्हणतात त्याला. कोरोनाच्या विषाणूच्या अंगावर साखरेचा थर असतो, त्याला हे प्रथिन चिकटतं आणि विषाणूला पेशीत शिरू देत नाही. हे सगळं प्रयोगशाळेत, काचेच्या थाळीत. त्यात फेरफार करून कधीतरी औषध होईलही. आज नाही, आणि केळी खाऊन तर नाहीच. एका बातमीदाराला मी हे सावकाश समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मथळा दिला: 'जळगावची केळी चिकटते, कोरोना सुटतो!' असल्या बुद्धीला कोपरापासून नमस्कार.

जितेंद्रभाऊंनी ती बातमी वाचली आणि बाजारात 'केळकवच काढा' आणला. पिकली केळी, खोडाचा रस, आलं, गूळ, सगळं मोठ्या कढईत घालून अर्धं होईपर्यंत आटवायचं आणि बाटलीत भरायचं. मी त्यांना फोन केला. म्हटलं, असं रटरटा उकळल्यावर प्रथिन मोडतं, उरतो तो केळीचा गोड पाक. त्यावर त्यांनी माझीच कीव केली.

"मॅडम, न उकळता औषध झालंय का कधी? तुम्ही संशोधन केलं, आम्ही ते आटवलं."

प्राचार्यांकडे तक्रार केली, तर त्यांनी भाऊंना बोलावून शाल दिली आणि बाटली हातात धरून फोटो काढला. उथळ पाण्याला खळखळाट फार. आमच्याकडे त्या खळखळाटाचाही सत्कार होतो. शाल पांघरून भाऊंनी गावोगाव जाणारा व्हिडिओ केला: सुई कशाला टोचून घेता, कवच प्या.

इथवर मी नुसती हसत होते. मग सोनगीरहून आईचा, लिलाबाईंचा, फोन आला. आबा लस घ्यायला तयार नाहीत, रोज सकाळ-संध्याकाळ तो काढा पितात. माझ्या वडिलांनी, आधार आबांनी, अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत उमर घालवली आणि येताना दम्याची छाती घेऊन आले. गल्लीत माणसं कोरोनाने जात होती. आबांच्या छातीला हा आजार झेपणार नव्हता, हे कळायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती.

मी सोनगीरला गेले. आबा ओट्यावर बसले होते, शेजारी बाटली. प्रथिन, पेशी असलं काही न बोलता मी विचारलं, आबा, उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघतं का? ते हसले.

"उकाळेल अंडामाईन पिलू निंघत नही, हाई माले बी समजस. पन हाई वाच."

बाटलीवर छापलं होतं: 'संघमित्रा मॅडमच्या संशोधनावर आधारित'. आबा चौथी शिकलेले. त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, मग ते सरकवत 'आधारित'वर आणलं आणि 'त' अंगठ्याखाली झाकला. उरलेल्या अक्षरांत त्यांना 'आधार' दिसत होता.

"तुनं नाव शे, अन् मनं बी शे. मनी पोरनं औषध घरमा शे, मंग दुसरानी सुई काब टोची लेऊ?"

मला रडू आलं आणि संतापही आला. ज्या माणसाने आम्हाला न विचारता आमची नावं आपल्या गोड पाण्यावर चिकटवली, त्याच्यामुळे माझा बाप माझ्याच नावाने मरणार होता. 'आधारित'चा अर्थ मी सांगितला. आबांना तो पटला नाही. छापलेलं खोटं कसं असेल?

धुळ्याच्या केंद्रावर मी दोघांचीही नावं नोंदवली होती. आबा फक्त आईच्या सोबतीला आले, पिशवीत बाटली घेऊन. मंडपात लांब रांग होती. आईच्या पुढे एक गृहस्थ उभे होते. तोंडावर मास्क, वरून उपरणं, डोळ्यांवर काळा चष्मा. इतका बंदोबस्त तर नवरदेव पळवतानाही कोणी करत नाही. तेवढ्यात आतून नर्सने नाव पुकारलं, गाव असोदा धरून, आणि उपरण्याला हात वर करून 'आलो, आलो' म्हणावंच लागलं.

जळगाव जिल्ह्यात दंड उघडा केला असता तर कोणीतरी पाहिलं असतं. म्हणून भाऊ धुळ्याला आले होते.

आबांनी त्यांना व्हिडिओतल्या आवाजावरून ओळखलं. "भाऊ, तुम्ही आठे?" एवढंच विचारलं. भाऊ सांगू लागले की काढा आतून काम करतो, लस बाहेरून, दोन्हींचा मेळ बसला की उत्तम. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पिशवीतून बाटली काढली, अंगठ्याला थुंकी लावली आणि कागद कडेकडेने, न फाटू देता सोडवला. त्याची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बाटली भाऊंच्या हातात दिली.

"नावं दोन्ही मना घरनी शेतस, ती मी लई जास. काढा तुमना शे. पी ल्या."

रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या. आबा आईच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आपल्या नावाचा पुकारा कधी होतो ते मला विचारू लागले.

आतून नर्सने पुन्हा हाक मारली. बाटली खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून जितेंद्रभाऊ ती हातात धरूनच आत गेले आणि दुसऱ्या दंडावर त्यांनी लस घेतली. काढा प्यायले मात्र नाहीत.