टिल्लीचं रीळ

लेकाच्या लघुपटाच्या खेळाला आई सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसली होती. टिल्ली दिसणार म्हणून ठेवणीतले कपडे घालून आली होती. टिल्ली म्हणजे तिची धाकटी. शाळेत जायच्या आधीच तापाने गेली. तिचा फोटो असा घरात एकही नव्हता. बाबांनी कुणाचा तरी सिनेमाचा कॅमेरा आणून अंगणात पळताना तिचं एक रीळ तेवढं काढलं होतं. ते धुऊन आलं तोवर ती गेली होती, आणि बाबांनी ते न बघताच कपाटात कोंडलं. त्यांच्यासमोर विषय काढायची कुणाची छाती नव्हती. ते वारल्यावर आईने ते लेकाच्या हाती दिलं. "जिवापाड सांभाळ. मला एकदा तिला पळताना बघायचंय."

लेक प्रयोगशील लघुपट करणारा. या मंडळींना धड असलेलं काही बघवत नाही! लहानपण कसं पुसत जातं ते दाखवायला पठ्ठ्याने रीळ ब्लीचमध्ये बुडवलं, सुईने खरवडलं. आधी प्रत काढून ठेव, असं मित्र सांगत होता. प्रत असली तर गमावल्यासारखं वाटेल कसं, म्हणत याने त्यालाच वेड्यात काढलं.

पडद्यावर पांढरे ओरखडे नाचले. मध्येच फ्रॉकची झालर चमकली, आईने मान पुढे केली, तोवर तीही गेली. दिवे लागले, टाळ्या पडल्या.

"दमट कपाटात राहू दिलं मी," आई हळूच म्हणाली. "माझंच चुकलं. तू तरी काय करणार, बाळा?"

त्याने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण तिने रुमालाने डोळे टिपले आणि त्याला राहवलं नाही.

"आई, रीळ चांगलं होतं गं. मीच खरवडलं."

चार लोकांत तिने त्याच्या कानाखाली वाजवली असती, तर बरं वाटलं असतं त्याला. तिने उलट त्याचा हात घट्ट धरला.

"म्हणजे तू तरी पाहिलीस ना तिला? सांग ना. पळताना हसत होती का रे?"

इतके दिवस ते रीळ त्याच्या हातात होतं. सुई नेमकी कुठे टेकवायची, एवढंच त्याने पाहिलं होतं. आई वाट बघत होती, आणि काही केल्या त्याला टिल्लीचा चेहरा आठवेना.