सोयीचं दुखणं

वेदिकाचं ओटीपोट उभं राहिलं की दुखायचं आणि आडवं झालं की थांबायचं. तिच्या सासूबाई, इंदूबाई, बेसा गावभर सांगत फिरायच्या, "आमच्या सुनेचं दुखणं लय सोयीचं हाय. पोळ्या लाटतानाच येते."

सहा वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी तिला उभं करून सोनोग्राफी केली. ओटीपोटातल्या शिरा फुगल्या होत्या आणि उभं राहिलं की त्यांत रक्त साचायचं. वेदिकाने तो रिपोर्ट सासूबाईंना ठणकावून वाचून दाखवला आणि भर स्वयंपाकाच्या वेळी पलंगावर आडवी झाली. भांडणाची तिची पूर्ण तयारी होती.

इंदूबाईंनी गॅस बंद केला आणि पलंगापाशी आल्या.

"सरक वं जराशी. तुझा नवरा जन्मला तवापासून मीही हेच सोसलं. आज पोळ्या त्यालेच लाटू दे."