माझं माप कुणी घेईना

व्हर्माँट, जानेवारी १८४७

फिलीना,

तुला सगळ्या बातम्या हव्यात ना? घे. विहीर गोठलीय, तांबडी गाय व्यालीय, आणि आमच्या घरातले सगळे लबाड झालेत.

सोमवारी टटल मोची आले. दरवर्षीसारखे आठवडाभर आमच्याकडेच राहायला-जेवायला. घरच्याच बैलाचं कातडं, त्यातून प्रत्येकाला बुटांचा एक जोड, तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायचा. बाबांचं माप झालं, आईचं झालं, दादाचं झालं. मी मोजे काढून तयार, तर आई म्हणते, "लोव्हीनाचे जुने चालतील अजून."

जुने! त्यातून माझा अंगठा बाहेर डोकावतो गं!

आधी वाटलं, साखरेची बरणी फोडल्याची शिक्षा असेल. पण मग मला रोज वाटीभर साय कशाला? आमचा ओरिनदादा मला सफरचंदाची फोडसुद्धा देत नाही, त्यानं आपली बर्फावरची घसरगाडी मला देऊन टाकली. बाबा तर मला 'राणी' म्हणाले. आमचे बाबा! वाटलं, मला कुणाच्या तरी घरी कामाला धाडतायत, बूट तेच लोक करून देतील.

बुधवारी मी टटलकाकांना एकटं गाठलं.

"काका, कातडं संपलं का?"

"छे गं, चिक्कार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग माझे बूट का नाहीत?"

ते सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता. "तुझा खोकला कसा आहे, पोरी?"

मी बुटांचं विचारलं होतं. खोकल्याचं नाही.

फिले, वर्षभर पुरणारे बूट कुणाला करत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. मला मरायचं नाहीये गं.

मग असा संताप आला! सगळे जेवत होते. मी मापाची पट्टी टटलकाकांच्या पुढ्यात आपटली आणि उघडा पाय बाकावर ठेवला. "घ्या माप! आणि दोन बोटं मोठे करा, मी वाढतेय."

दादा ताटात बघत राहिला. आई पाणी आणते म्हणून उठली आणि बादली न घेताच बाहेर गेली. शेवटी बाबाच म्हणाले, "घे रे टटल, घे माप."

बूट झालेत. चालले की करकर वाजतात. तरी माझा विश्वास नाही. पोरीला गप्प बसवायलाही लोक बूट करतात. आईला विचारलं तर म्हणते, "उन्हं आली की खडखडीत बरी होशील," पण माझ्याकडे बघत नाही.

याच टपालानं तिनं तुझ्या आईला चार पानं धाडलीत. ती लिहीत असताना मी जवळ गेले की कागदावर हात ठेवायची. ते पत्र शोध आणि वाच. मावशीनं लपवलं तरी शोध, मुरांबा बरा सापडतो तुला! आणि त्यात जे असेल ते मला जसंच्या तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर जरी बदललंस, तर मी ओळखेन.

तुझी,
लोव्हीना